‘नाही’ म्हटल्यावर घरात काय होतं?

प्रश्न असा आला आहे: “समाजात, नात्यांत, साहित्यात वर्चस्व कसं चालतं याबद्दल पुष्कळ वाचलं. पण माझ्या नात्यात मारहाण नाही, शिवीगाळ नाही, आवाजसुद्धा चढत नाही. तरीही साधी गोष्ट विचारण्याआधी मी ती दहा वेळा मनात घोळवते. याला वर्चस्व म्हणायचं, की माझाच स्वभाव भित्रा? आणि दुसरं, कादंबरीतला हुकमी, अरेरावी करणारा नायक मला आवडतो. म्हणजे खोट माझ्यातच आहे का?”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. का, ते पुढे येईल. पहिल्याला जरा वेळ लागेल.

मी बावीस वर्षं कौटुंबिक समुपदेशन करते आहे. सुरुवातीला जोडपं समोर बसलं की कोण जास्त बोलतं, कोणाचा आवाज मोठा, कोण कोणाचं वाक्य तोडतं, हे मी वहीत टिपत बसायचे. पुष्कळ वर्षं फसले. काही घरांत सतत तणतण करणाऱ्या माणसाला कोणीच विचारत नसतं; त्रागा एवढंच त्याच्या हातात उरलेलं असतं. आणि ज्याच्या हाती सगळं असतं, तो बहुतेक वेळा शांत, सुसंस्कृत, माझ्याशी अदबीने बोलणारा असतो. त्याला ओरडायचं कारणच पडत नाही.

आता मी वेगळा प्रश्न विचारते. गेल्या दोन महिन्यांत तुम्ही जोडीदाराला ‘नाही’ कधी म्हणालात, आणि त्यानंतर काय झालं?

एका जोडप्यातला नवरा यावर कौतुकाने म्हणाला, “आमच्यात मतभेदच होत नाहीत. मी हिला सगळं स्वातंत्र्य दिलंय.” ‘दिलंय’ हे क्रियापद कानावर आलं की माझे कान टवकारतात, पण तेव्हा मी काही बोलले नाही. बाई पर्सचा बंद चाळवत बसली होती. नंतर मी दोघांशी वेगवेगळं बोलले (हा प्रश्न जोडीदारासमोर कधीही विचारू नये, उत्तर खोटंच मिळतं). ती म्हणाली, “मी नाही म्हटलं तर ते काही बोलत नाहीत. म्हणजे खरंच काही बोलत नाहीत. तीन दिवस.” त्या तीन दिवसांत त्यांची आठ वर्षांची मुलगी दारं हळू लावायला शिकली होती. चौथ्या दिवशी बाई माफी मागायची. कशाबद्दल, ते तिला स्वतःलाच सांगता येत नव्हतं. मग घर पूर्ववत व्हायचं, आणि त्यानंतर कित्येक आठवडे तिला ‘नाही’ म्हणण्याची गरज वाटायची नाही. नवरा म्हणत होता तेही खरंच होतं, त्यांच्यात मतभेद होत नव्हते.

तुमच्या प्रश्नातलं ‘दहा वेळा मनात घोळवते’ वाचलं आणि मला तीच बाई आठवली. तुम्ही जे घोळवता ते शब्द नसतात. विचारल्यावर काय पडेल, किती दिवस पुरेल, मुलांची परीक्षा जवळ आली आहे का, उद्या पाहुणे आहेत का, असा तो हिशेब असतो. असा हिशेब एकट्याच माणसाला करावा लागत असेल, तर त्याला स्वभाव म्हणायला माझी तयारी नाही. पडताळा घ्यायचा असेल तर बघा, मैत्रिणीकडे, बहिणीकडे, कामाच्या ठिकाणीही तुम्ही अशाच घोळवता का? भित्रा माणूस सगळीकडे भित्रा असतो. एकाच दारापाशी पाय अडखळत असतील तर दार तपासायला हवं.

गप्प बसणं म्हणजे लगेच छळ, असं मात्र नाही. काही माणसांना राग निवायला खरोखर वेळ लागतो. फरक ओळखायला मी दोन गोष्टी बघते: अबोला कोण संपवतं, आणि कोणत्या अटीवर. राग निवल्यावर माणूस आपण होऊन बोलायला येत असेल, तर तो स्वभाव. दर वेळी समोरच्याने शरण आल्यावरच अबोला सुटत असेल, तर ती वसुली.

विलार्ड वॉलर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९३८ साली कुटुंबावर लिहिताना एक साधं निरीक्षण नोंदवलं: नातं टिकवण्यात ज्याला कमी रस, त्याचं नात्यात चालतं. पुढे १९६२ मध्ये रिचर्ड इमर्सनने हेच जास्त नेमकं मांडलं. माझी तुमच्यावर सत्ता किती? तुमचं माझ्यावाचून अडतं तितकी. सत्ता कोणाच्या मुठीत नसून दुसऱ्याच्या गरजेत असते, हे ऐकून पहिल्यांदा राग येतो. सगळा दोष गरजवंतावरच टाकल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण कामात या सूत्राचा फार उपयोग झाला. दुसऱ्याचा स्वभाव बदलायची माझी आजवर एकदाही प्राज्ञा झालेली नाही. कोणाचं कोणावाचून काय अडतं, ते मात्र बदलता येतं.

ते एका दिवसात उलटही होतं. एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे आले होते. घर त्यांनी हौसेने मुलाच्या नावावर करून दिलं होतं. त्यानंतर मुलगा वाईट वागला असंही नव्हतं. पण वडील सांगत होते, “हल्ली दुपारी पंखा लावताना मी सूनबाईकडे बघतो.” कोणी काही म्हटलेलं नव्हतं, फक्त कागद फिरला होता. शेक्सपिअरच्या लिअर राजाचं हेच होतं. राज्य वाटून टाकल्यावर त्याच्याजवळ शंभर सरदार उरतात. एक मुलगी म्हणते पन्नास पुरेत, दुसरी म्हणते पंचवीस. मग दहा कशाला, पाच कशाला, आणि शेवटी एक तरी कशाला? मराठीत १९७० साली ‘नटसम्राट’ आलं तेव्हा ही गोष्ट कोणाला परकी वाटली नाही. नाटक पाहून लोक मुलांना दोष देत बाहेर पडतात. मला मात्र दर वेळी ती उलटी मोजणी आठवते. माणसाकडून काही एकदम काढून घेतलं जात नाही. दर खेपेला ‘एवढ्याची तुम्हाला गरज काय’ असा प्रश्न विचारला जातो, आणि तो दर वेळी वाजवीच वाटतो.

पैशांचंही तसंच. कमाई कोणाची, यापेक्षा खर्चाचं स्पष्टीकरण कोण देतं ते बघा. संयुक्त खातं असलेल्या घरातही एक माणूस पैसे काढतो आणि दुसरा कारण सांगून काढतो.

आता समाजाकडे वळते, आणि इथे थोडी घाईच करणार आहे, कारण हा माझा प्रांत नाही. पण दोन गोष्टींनी मला माझ्या खोलीतली माणसं समजायला मदत केली. पहिली डॉ. आंबेडकरांची. जातिव्यवस्थेबद्दल ते ‘श्रेणीबद्ध विषमता’ म्हणाले. एक वर आणि बाकी सगळे खाली अशी साधी विषमता असती तर खालचे सगळे एकत्र आले असते. पण इथे प्रत्येकाच्या डोक्यावर कोणीतरी असतं आणि पायाखाली कोणीतरी. पायाखालचा सुटेल या भीतीने माणूस डोक्यावरचा सहन करतो. हे वाचल्यावर घराघरांतली एक गोष्ट उलगडली. स्वतः सोसलेली बाई सुनेला सोडवायला का येत नाही, हे कोडं मी वर्षानुवर्षं ‘बाईच बाईची वैरी’ या आळशी वाक्याने सोडवत होते. आयुष्यात तिच्या वाट्याला आलेली सत्तेची एकच पायरी आहे आणि सून त्या पायरीखाली उभी आहे. ती पायरी सोडून द्यायला सांगताना बदल्यात काय देणार, हे आपण सांगत नाही.

दुसरी गोष्ट स्टॅनले मिलग्रम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. १९६१ साली येल विद्यापीठात त्याने सुरू केलेले प्रयोग पुष्कळांना ठाऊक असतात. अधिकारी दिसणारा माणूस सांगतो म्हणून ४० पैकी २६ जणांनी शेजारच्या खोलीतल्या अनोळखी माणसाला ४५० व्होल्टपर्यंत विजेचे धक्के दिले (धक्के खोटे होते, देणाऱ्यांना ते माहीत नव्हतं). लोक इथेच थांबतात आणि माणूस मुळात कसा मेंढरू आहे यावर बोलू लागतात. मला त्याचाच दुसरा प्रकार महत्त्वाचा वाटतो. त्यात धक्के देणाऱ्याच्या जोडीला आणखी दोघं बसवले होते, आणि ते दोघं मध्येच उठून ‘आम्ही करणार नाही’ म्हणाले. तेव्हा शेवटपर्यंत गेले ४० पैकी फक्त ४. माणसं तशीच, हुकूम तोच. नकार देणारं आणखी कोणी शेजारी होतं, एवढाच बदल.

म्हणूनच नात्यातलं वर्चस्व बहुधा मैत्रिणींपासून सुरू होतं. “तिचं आणि आपलं जमत नाही.” “तुझ्या भावाचा सूर मला आवडत नाही.” एकेक वाक्य घेतलं तर काहीच नाही. दोन वर्षांनी शेजारी कोणीच उरलेलं नसतं आणि मग तुमच्या प्रश्नातलं ते ‘की माझाच स्वभाव’ सुरू होतं. १९३८ सालच्याच एका इंग्रजी नाटकात नवरा घरातले गॅसचे दिवे मंद झाल्याचं बायकोला दिसत असूनही तिला भास होतोय असं पटवत राहतो. त्या नाटकाच्या नावावरून ‘गॅसलायटिंग’ हा शब्द आला. आज तो साध्या मतभेदालाही लावतात, ते मला रुचत नाही. ‘तू चुकतेस’ म्हणणं वेगळं, आणि ‘तुला दिसतं ते तुला दिसतच नाही’ असं रोज सांगणं वेगळं.

कायद्यालाही हे उशिरा उमगलं. भारताच्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात शारीरिक छळाबरोबर भावनिक आणि आर्थिक छळही आला. इंग्लंड-वेल्समध्ये इव्हान स्टार्क यांच्यासारख्या अभ्यासकांच्या कामानंतर २०१५ साली नात्यातली सततची दडपशाही हा स्वतंत्र गुन्हा झाला, जास्तीत जास्त शिक्षा पाच वर्षं. वळ दाखवता येत नसले तरी छळ असू शकतो, एवढं तरी कागदावर आलं.

मग सत्तेतली प्रत्येक विषमता वाईट का? नाही. भूल दिलेल्या रुग्णाइतकं असहाय कोणीच नसतं, पण त्याने आधी सही केलेली असते, आणि शल्यविशारदाला आपल्या हाताचा जाब इतरांना द्यावा लागतो. चांगल्या शिक्षकाची सत्ता स्वतःला संपवण्याच्या कामी लागलेली असते. माझ्याच खोलीत घड्याळ माझ्या बाजूला आहे, वेळ संपली हे मी ठरवते, समोरचा माणूस रडत असला तरी. ही सत्ता आहे. ती नाकारणारा समुपदेशक मला जास्त धोकादायक वाटतो.

जोडप्यातली दोन प्रौढ माणसं आपसांत ठरवून हुकूम आणि आज्ञापालनाचा खेळ खेळतात, त्याबद्दलही लोक दबक्या आवाजात विचारतात. त्यात मला बिघाड दिसत नाही. मासोकिझम (दुसऱ्याच्या हुकमात, वेदनेत सुख वाटणं) हा शब्द ज्याच्या नावावरून पडला, त्या झाखर-मासोख या ऑस्ट्रियन लेखकाने १८६९ साली फॅनी पिस्टोर या स्त्रीबरोबर तिचा गुलाम होण्याचा चक्क लेखी करार केला होता. तिने शक्य तितक्या वेळा फरचा कोट घालावा अशीही त्यात अट होती! हसू येतं, पण त्या कागदावर मुदत होती: सहा महिने. खऱ्या गुलामाच्या कागदावर मुदत नसते. अशा खेळात थांबवण्याचा शब्द आधी ठरलेला असतो, आणि तो खालच्याच्या हाती असतो. तो उच्चारल्यावर खेळ थांबला तर खेळ होता. थांबला नाही तर नव्हता.

आणि इथून मी साहित्याकडे येते, कारण हा फरक तेंडुलकरांइतका स्वच्छ मला कोणी दाखवला नाही. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली रंगमंचावर आलं. वेळ घालवायला म्हणून नाटकमंडळी लुटुपुटूचा खटला चालवतात आणि बेणारेबाईला आरोपी करतात. थट्टाच ती. मग थट्टेत तिचं खरं आयुष्य ओढलं जातं, ती दाराकडे जाते आणि दार उघडत नाही. बाहेरून कडी पडलेली आहे. आत सगळे अजूनही खेळच म्हणत असतात. मी पाहिलेल्या एका प्रयोगात या जागी प्रेक्षागृहात काही जण हसले होते, ते हसू मी विसरलेले नाही.

त्याच तेंडुलकरांच्या १९७२ च्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये याच्या उलट आहे. तिथे दार सताड उघडं. नवऱ्याने टाकलेल्या, नवऱ्याला सोडलेल्या बायकांना सखाराम घरी आणतो, अटी आधीच तोंडावर सांगतो, आणि पटलं नाही तर खुशाल जा म्हणतो. लग्नाच्या नवऱ्यांपेक्षा आपण प्रामाणिक आहोत असा त्याचा दावा आहे, आणि तो अगदीच खोटा नाही. म्हणून तर नाटक अंगावर येतं. पण बाहेर पडून त्या बायकांनी जायचं कुठे? उघड्या दाराची किंमत दाराबाहेर काय आहे त्यावर ठरते. ‘तिला कोणी धरून ठेवलंय? जायचं तर जावं,’ असं माझ्यासमोर म्हणणारे पुरुष बहुतेक वेळा खरंच बोलत असतात. धरून त्यांनी ठेवलेलं नसतं.

नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्या ‘अ डॉल्स हाउस’मधल्या नोराने १८७९ साली नवऱ्याच्या घराचं दार आपटलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यापुढची हकिकत मला जास्त बोलकी वाटते. १८८० मध्ये जर्मनीत नोरा करणाऱ्या अभिनेत्रीने मुलांना सोडून जाण्याचा शेवट करायला नकार दिला. तिथे इब्सेनच्या नाटकांना कायद्याचं संरक्षण नव्हतं, दुसऱ्या कोणीतरी शेवट बदललाच असता. म्हणून त्याने स्वतःच दुसरा शेवट लिहून दिला. त्यात नोरा झोपलेली मुलं बघून दारातच कोसळते, जात नाही. या बदलाला तो पुढे रानटी अत्याचार म्हणाला. बाईला दाराबाहेर काढणाऱ्या लेखकालाच ‘नाही’ म्हणणं परवडलं नाही.

आता तुमचा हुकमी नायक. पुस्तक तुमच्या हातात असतं. नको झालं की मिटता येतं, आणि त्यासाठी तीन दिवसांचा अबोला पडत नाही. शिवाय लेखिकेने तुम्हाला आतून हमी दिलेली असते की हा माणूस मुळात प्रेम करणारा आहे. घरातल्या माणसाची अशी हमी कोणी देत नाही. या जातीच्या नायकांचा आजोबा म्हणजे ‘जेन एअर’मधला (१८४७) रॉचेस्टर. तो श्रीमंत, वयाने मोठा, जेनचा मालक. पण शार्लट ब्राँटीने त्यांचं लग्न कधी लावलं ते बघा: जेनला वीस हजार पौंडांचा वारसा मिळाल्यावर, आणि आगीत रॉचेस्टरची दृष्टी आणि एक हात गेल्यावर. ‘नाही’ म्हणणं जेनला परवडू लागल्यावरच ती ‘हो’ म्हणते. तुम्हाला आवडते ती अरेरावी बहुधा नसावी. इतक्या मोठ्या माणसाचंही माझ्यावाचून अडावं, ही इच्छा असते, आणि ती अगदी माणसासारखी आहे. अर्थात त्याच घराच्या माळ्यावर एक पहिली बायको कुलपात आहे, तिला वेडी म्हटलं जातं आणि तिची बाजू कोणी विचारत नाही. जीन ऱ्हीसने १९६६ साली त्या बायकोच्या बाजूने ‘वाइड सारगासो सी’ ही कादंबरी लिहिली, म्हणजे कुलूप उघडायला ११९ वर्षं लागली. दोन्ही वाचा, याच क्रमाने.

राहिला प्रश्न काय करायचं याचा. इथे मला माझी एक चूक सांगायला हवी. सुरुवातीच्या वर्षांत मी एका बाईला म्हटलं होतं, आज घरी गेल्यावर स्पष्ट सांगा, मला हे मान्य नाही. ती धीराची होती, तिने सांगितलं. पुढच्या खेपेला ती पंधरा दिवस उशिरा आली. फोन काढून घेतला होता, घराची किल्लीही. मी तिला बोलायचं बळ दिलं होतं. जायला जागा आहे का, हे विचारलंच नव्हतं. तेव्हापासून माझा क्रम उलटा आहे. आधी बाहेरची एक व्यक्ती, जिला खरं सांगता येतं. मग स्वतःच्या नावाचे थोडे पैसे आणि कागदपत्रं हाताशी. बोलणं त्यानंतर.

जिथे शारीरिक भीती आहे, तिथे तर हा क्रम मोडूच नये. सोडून जाण्याचे आणि त्यानंतरचे दिवस हेच सर्वांत धोक्याचे असतात, आणि ते एकटीने काढायचे नसतात. तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही, पण लांबून मला दिसतं ते अर्धंच.

तशी भीती नसेल तर या आठवड्यात एका क्षुल्लक गोष्टीला ‘नाही’ म्हणून बघा. कोणता कार्यक्रम लावायचा, रविवारी कोणाकडे जायचं, इतकी क्षुल्लक. कारण देऊ नका. मग घड्याळाकडे बघा आणि घर पूर्ववत व्हायला किती वेळ लागला, कोणामुळे झालं, ते लिहून ठेवा. आणि हे वाक्य वाचतानाच पोटात गोळा आला असेल, तर प्रयोग करू नका. तो गोळा आला एवढंच आधी कोणालातरी सांगा.